ठाणे–नवी मुंबईतले लॉफ्टचे फ्लॅट: मंदीच्या बाजारात विक्री आणि भाव, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत रीसेलचे व्यवहार जुळवताना लॉफ्टच्या फ्लॅटबद्दल तेच तेच प्रश्न येतात. घेणाऱ्यांचेही येतात आणि विकणाऱ्यांचेही. बाजार तेजीत असतो तेव्हा यातले निम्मे प्रश्न कोणी विचारत नाही. तो थंडावला की एकाच प्रश्नावर लाखो रुपयांचा फरक पडतो, म्हणून उत्तरं सविस्तर दिली आहेत.

लॉफ्टचा फ्लॅट म्हणून जे विकलं जातं ते नेमकं काय असतं?

आपल्याकडे या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, उंच छताचा फ्लॅट, ज्यात मधला मजला आणि जिना महापालिकेच्या मंजूर नकाशातच दाखवलेला आहे. दोन, नुसता उंच छताचा फ्लॅट, ज्यात मालकाने ताबा मिळाल्यावर लोखंडी सांगाडा आणि प्लाय टाकून वरची जागा तयार केली. तीन, नौपाडा, पाचपाखाडी भागातल्या जुन्या इमारतींमधला पोटमाळा, जिथे पूर्वी गाद्या आणि पिंपं ठेवायचे आणि आता मुलाचा अभ्यास चालतो.

परदेशात असे फ्लॅट जुन्या कारखान्यांच्या इमारतींमध्ये झाले. ठाण्यातही कारखाने काही कमी नव्हते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची, आणि पोखरण रोडपासून कोलशेतपर्यंत गिरण्या आणि केमिकल कंपन्या होत्या. पण इथे त्या इमारती ठेवून आत घरं केली नाहीत. त्या पाडल्या आणि टॉवर उभे राहिले. त्यामुळे उघड्या विटा आणि काळे पाइप दाखवून ‘कारखान्याचा लूक’ म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल, तर ती सजावट आहे आणि तिची किंमत सजावटीइतकीच धरा.

वरच्या माळ्याचं क्षेत्रफळ कार्पेटमध्ये धरायचं का?

मंजूर नकाशात असेल तर धरायचं, नसेल तर नाही. सगळा भाव इथे ठरतो.

२०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या स्पष्ट आहे. घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारं जमिनीचं क्षेत्रफळ त्यात येतं आणि आतल्या भिंतीही मोजल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाही. मालकाने नंतर टाकलेला माळा बिल्डरच्या करारात असण्याचा प्रश्नच नाही.

उंचीचं गणित घरच्या टेपनेही करता येतं. राहण्याच्या खोलीला साधारण २.७५ मीटर उंची लागते. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे लॉफ्ट म्हणजे सामान ठेवण्याची जागा आणि तिची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर. मेझनाइन, म्हणजे माणसाने वावरायचा मधला मजला, त्याला किमान २.२ मीटर लागतात. जमिनीपासून स्लॅबपर्यंत ४.२ मीटर असलेल्या फ्लॅटमध्ये खाली २.७५ ठेवले आणि मधल्या मजल्याची जाडी वजा केली, तर वर दीड मीटरच्या आतच उरतं.

कोलशेतजवळच्या अशाच एका फ्लॅटमध्ये बँकेचा व्हॅल्युअर आला होता. जाहिरातीत ‘७३० कार्पेट, लॉफ्टसह’ असं लिहिलेलं. त्याने खाली टेप लावली, २.३५ मीटर. मधला प्लॅटफॉर्म १५ सेंटीमीटर. मग तो जिना चढून वर गेला आणि मान वाकवूनच उभा राहिला. वरची उंची १.७० मीटर. सामानाच्या माळ्यासाठी ती जास्त आणि वावरायच्या मजल्यासाठी कमी. त्याने मंजूर नकाशाची प्रत मागितली, तिच्यात वरचा मजला नव्हता. रिपोर्टमध्ये ५२० चौरस फूट लिहिलं गेलं आणि वरच्या २१० फुटांपुढे ‘मूल्यांकनात धरलेले नाही’ असा शेरा आला. घेणाऱ्याचं कर्ज त्या ५२० फुटांच्या हिशेबाने मंजूर झालं आणि व्यवहार मोडला. घेणाऱ्यांनी टोकन, म्हणजे व्यवहार ठरवतानाची आगाऊ रक्कम, देण्याआधी नकाशा मागितला असता तर दोन्ही घरांचे दोन महिने वाचले असते.

मग योग्य भाव काढायचा कसा?

आधी त्याच इमारतीतल्या, नाहीतर शेजारच्या तितक्याच जुन्या इमारतीतल्या, साध्या फ्लॅटचा नोंदणी झालेला भाव घ्या. जाहिरातीतला नको, नोंदणीतला. त्याला मंजूर कार्पेटने भागा. आलेल्या दराने लॉफ्टच्या फ्लॅटचं मंजूर कार्पेट गुणा. त्यावर उंचीचा आणि जादा साठवणीचा मोबदला स्वतंत्र धरा.

वर सांगितलेल्या कोलशेतजवळच्या फ्लॅटचंच उदाहरण घेऊ, आकडे हिशेबापुरते. मागणी १ कोटी ३५ लाख. विकणारा ७३० ने भागतो आणि म्हणतो, “साडेअठरा हजारांनी पडतंय, या भागात कुठे मिळतं?” ५२० ने भागलं की तोच दर जवळजवळ २६ हजार होतो. समजा, त्याच इमारतीत ५४० फुटांचा साधा फ्लॅट नुकताच १ कोटी १२ लाखांना नोंदवला गेला. म्हणजे फुटाला साधारण २०,७००. त्या दराने ५२० फुटांचे १ कोटी ७ लाख ६४ हजार होतात. उंच छत, उजेड आणि वरची साठवण यांचे आठ-दहा टक्के जादा दिले तर भाव १ कोटी १६ ते १ कोटी १८ लाखांच्या घरात बसतो. मागणीत आणि या आकड्यात जो फरक आहे तो नकाशात नसलेल्या जागेचा आहे.

आठ-दहा टक्के हा माझा अंदाज आहे, नियम नाही. तेजीत हौशी गिऱ्हाईक पंधरा टक्केही देऊन जातं. बाजार थंड असताना मी घेणाऱ्याला पाचच्या वर जायला सांगत नाही, कारण दोन खोल्यांचा साधा फ्लॅट अडचणीत पटकन विकला जातो आणि हा जात नाही. मधला मजला नकाशात असेल आणि ओसी, म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यानंतर बदललेला नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे वरचे फूटही पूर्ण दराने मोजा. त्यातही जिन्याने खाल्लेली जागा खोली म्हणून उपयोगाची नाही, हे लक्षात ठेवा.

बाजार मंदावलाय असं सगळे म्हणतात, पण जाहिरातीतले भाव तर चढेच दिसतात. खरं काय मानायचं?

आपल्या भागात मंदी आली की दर्शनी भाव लगेच पडत नाहीत, विक्रीला लागणारा वेळ वाढतो. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, २०१७ मध्ये लागू झालेलं रेरा, २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी कोसळल्यावर बिल्डरांचा आटलेला पतपुरवठा, या सगळ्या काळात घोडबंदर रोडच्या दरपत्रकांवरचे आकडे फारसे खाली आले नाहीत. सवलती मात्र वाढल्या. फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्यासाठीचा जादा दर, माफ, मॉड्युलर किचन फुकट, स्टॅम्प ड्युटी बिल्डर भरणार. बिल्डर उघडपणे भाव पाडत नाही, कारण आधी घेतलेले लोक दारात येऊन उभे राहतात आणि बँक उरलेल्या फ्लॅटचं मूल्य कमी धरते.

२०२० मध्ये सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केली, तेव्हा नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. म्हणजे गिऱ्हाईक होतं, ते थांबलं होतं. थांबलेलं गिऱ्हाईक हीच मंदीची खूण आहे आणि ती तुम्हाला स्वतःला तपासता येते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इमारतीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचे उतारे, काढा. त्यात मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि तारीख असते. दोन विक्रींमधलं अंतर वाढत चाललंय का, बघा. मग त्याच इमारतीत किती फ्लॅट विकायला लागलेत ते एजंटला विचारा. एकाच फ्लॅटच्या जाहिराती पाच एजंटांनी टाकलेल्या असतात, त्या एकदाच मोजा.

नवी मुंबईत यात एक भर आहे. विमानतळ येणार म्हणून उलवे, पनवेल पट्ट्यातल्या विकणाऱ्यांनी वर्षानुवर्षं पुढचा भाव आजच मागितला. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, बेलापूर–पेंधर मेट्रो त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. प्रकल्प आता डोळ्यांसमोर आहेत. त्यांचा जेवढा भाव व्हायचा तेवढा बहुतेक ठिकाणी आधीच मागणीत आला आहे. त्यावर परत विमानतळाचे पैसे द्यायचे कारण नाही.

बिल्डर म्हणतो, “भाव कमी होणार नाही, पण स्टॅम्प ड्युटी आमची.” घ्यावं का?

हिशेब करून बघा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी अधिभारांसह सात टक्के पडते, फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर सहा. परवडणाऱ्या घरांच्या गटात न बसणाऱ्या, बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी. ओसी आलेल्या घरावर जीएसटी नाही, त्यामुळे तयार फ्लॅटवर ‘जीएसटी माफ’ ही सवलतच नव्हे.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट १ कोटी २० लाखांचा आहे. ड्युटी बिल्डरने भरली तर तुमचे वाचतात ८ लाख ४० हजार. जीएसटी धरून घराला लागतात १ कोटी २६ लाख. आता ऑफर सोडा आणि भाव १ कोटी साडेबारा लाख करून मागा. त्यावर सात आणि पाच मिळून बारा टक्के लावले की तेच १ कोटी २६ लाख येतात. म्हणजे साडेसात लाखांची सरळ सूट ही ८ लाख ४० हजारांच्या ऑफरच्या बरोबरीची आहे, कारण भाव उतरला की त्यावरचे करही उतरतात. ही गोष्ट बैठकीत बोलून दाखवा. सेल्सच्या माणसाला ती माहीत असते.

तरीही ऑफर घेणं काहींना सोयीचं पडतं. ७५ लाखांवरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते आणि ड्युटी त्या किमतीत धरत नाही. वरच्या उदाहरणात ऑफर घेतली तर हातातून ३६ लाख लागतात, भाव उतरवून घेतला तर ४१ लाख ६२ हजार. एकूण खर्च तोच, पण रोकड कमी असेल त्याला हा फरक मोठा. फक्त तेवढंच कर्ज आणि त्याचं व्याज वाढतं, हे विसरू नका.

माझं मत सरळ सूट मागण्याच्या बाजूचं आहे. इंडेक्स टूवर खरा भाव दिसला की पुढच्या घेणाऱ्यालाही खरा आकडा कळतो.

“आता दहा टक्के भरा, बाकी ताब्याच्या वेळी.” ही योजना सुरक्षित आहे का?

बाकीचे नव्वद टक्के कोण आणि कधी देतंय त्यावर आहे. बिल्डर स्वतः थांबत असेल तर उत्तम. तुमच्या नावावर कर्ज उचलून व्याज बिल्डर भरणार असेल तर नको. तो थकला तर हप्ता तुमचाच आणि सिबिलचा पतगुणांक बिघडतो तोही तुमचाच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना सांगितलं की पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच सोडा, आणि २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांनाही अशा योजनांपासून दूर राहायला सांगण्यात आलं. करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही, हे रेराचं कलम १३ आहे.

माझा लॉफ्टचा फ्लॅट कित्येक महिने विकला जात नाहीये. काय करू?

सगळ्यात आधी कागद. मंजूर नकाशा, ओसी, आधीच्या सगळ्या करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची ना-हरकत आणि कर्ज असेल तर थकबाकीचं पत्र. हे एका फाइलमध्ये नसताना फ्लॅट दाखवू नका. मंदीत घेणाऱ्याकडे निवड असते, आणि ज्याचे कागद तयार त्याच्याकडे तो वळतो.

मग जाहिरात दुरुस्त करा. ‘७३० लॉफ्टसह’ काढून ‘५२० कार्पेट, ४.२ मीटर उंची, वर साठवणीचा माळा’ असं लिहा. फोन कमी येतील, पण येणारे खरे असतील. फुगवलेल्या क्षेत्रफळावर आलेला माणूस दारातच टेप काढतो आणि त्यानंतर तो तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

कोणाला दाखवताय तेही बघा. आई-वडील सोबत राहणारं कुटुंब खडा जिना बघून बाहेर पडतं, त्यांना आग्रह करून उपयोग नाही. घरून काम करणारं जोडपं, स्टुडिओ लागणारा फोटोग्राफर, संगीत शिकवणारी बाई, हे तुमचं गिऱ्हाईक. ते थोडं आहे, म्हणून त्याच्यापर्यंत पोचणारा एजंट हवा आणि त्याची महारेरा नोंदणी हवी. पाच एजंटांना देण्यापेक्षा दोघांना द्या. पाचजण पाच भाव सांगतात आणि घेणारा सगळ्यात कमी भावापासून बोलायला लागतो.

कमी करायचा तो भाव एकदाच आणि नीट करा. दर महिन्याला एक लाख उतरवत गेलात तर बघणारा पुढच्या महिन्याची वाट बघतो. वर सांगितल्याप्रमाणे नोंदणीच्या दरावरून आकडा काढा, त्यावर वाटाघाटीला दोन-तीन टक्के ठेवा आणि तिथे टिका. दरम्यान भाड्याने द्यायचा विचार असेल तर एवढं ध्यानात घ्या की भाडेकरू असलेलं घर दाखवणं अवघड होतं. विकायचाच ठरला असेल तर मी रिकामा ठेवायला सांगतो, निदान पहिले काही महिने.

रेडी रेकनरपेक्षा कमी भावात विकला तर काय होतं?

विकता येतो, पण कर रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर, धरून लागू शकतो. मंदीत हा प्रश्न खरा होतो, कारण बाजार खाली आणि सरकारी दर वर अशी स्थिती येते. १ एप्रिल २०२५ पासून रेकनर ठाण्यात सरासरी ७.७२ टक्के आणि नवी मुंबईत ६.७५ टक्के वाढला.

स्टॅम्प ड्युटी करारातली रक्कम आणि रेकनरचं मूल्य यांतल्या जास्त आकड्यावर लागते. आयकरात दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्यापुढे गेलं की दोघांनाही झळ बसते. समजा रेकनरचं मूल्य १ कोटी २० लाख आणि व्यवहार १ कोटी ५ लाखांचा. दहा टक्के वाढवूनही १ कोटी साडेपंधरा लाखच होतात. मग विकणाऱ्याला १ कोटी २० लाख मिळाले असं धरून भांडवली नफा मोजतात आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात १५ लाख मिळवतात. घर खरोखरच तेवढ्याचं नसेल तर विकणारा आयकर अधिकाऱ्याकडे प्रकरण मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याला पाठवायची मागणी करू शकतो. त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट व्यवहाराआधी करून घ्या.

थोडी रक्कम रोख द्या म्हणतात.

देऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा. शिवाय रोखीतल्या रकमेवर कर्ज मिळत नाही आणि पुढे विकताना ती खरेदी-किंमत म्हणून दाखवता येत नाही.

नवी मुंबईत फ्लॅट सिडकोच्या जमिनीवर आहे. भावात काय फरक पडतो?

सिडकोने १९७० पासून वसवलेल्या या शहरात बहुतेक भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. हस्तांतरात सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं का, किती लागतं आणि ते कोण भरणार, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या. नाहीतर शेवटच्या आठवड्यात त्यावरून वाद होतो. सोसायटीचा हस्तांतर प्रीमियम मात्र २५ हजारांच्या वर मागता येत नाही.

जिल्हाही तपासा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं आणि तिथे नवी मुंबई महापालिका आहे. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये येतात आणि तिथे २०१६ साली झालेली पनवेल महापालिका आहे. इंडेक्स टू चुकीच्या जिल्ह्यात शोधून ‘इथे काही विक्रीच नाही’ असं मानणारे बरेच भेटतात.

घणसोली, कोपरखैरणे भागातल्या गावठाणांत उंच छताचे आणि माळ्याचे फ्लॅट निम्म्या भावात मिळतात. त्यातल्या अनेक इमारतींना बांधकाम परवानगी नाही, ओसी नाही, आणि बँका कर्ज देत नाहीत. ज्याला कर्ज मिळत नाही असं घर पुढे रोख पैसेवाल्यालाच विकावं लागतं. नोकरदार माणसाने त्या स्वस्ताईकडे बघू नये, असं माझं स्पष्ट सांगणं आहे.

उन्हाळा आणि पावसाचा भावाशी काय संबंध?

बराच आहे. गरम हवा वर जाते आणि माळ्यावर साठते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये खाली एसीत बरं वाटत असतं आणि जिन्याच्या सहाव्या पायरीपासून चेहऱ्याला धग लागते. उंच खोलीला एसीही मोठा लागतो आणि तो जास्त वेळ चालतो. घेणाऱ्याने मागच्या वर्षाची एप्रिल, मेची वीजबिलं मागावीत. विकणाऱ्याने आपणहून दाखवावीत.

पावसाळ्यात उंच काचेच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बघा. तिथे रंग फुगलेला असेल तर सिलिकॉन गेलेलं आहे, आणि साडेतीन मीटरवरचं ते काम बाहेरून दोरावर उतरणारा माणूस लावून करावं लागतं. शक्य असेल तर जुलैत एकदा घर बघा. त्या दिवसांत भावही जरा मवाळ असतो.

मी स्वतः माळा टाकला तर किंमत वाढेल ना?

राहण्याची सोय वाढेल. किंमत वाढेल असं धरू नका. नव्या टॉवरांमध्ये मायवान पद्धतीच्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्या वजन पेलणाऱ्या असतात, त्यांत मोठी भोकं पाडून लोखंडी बीम रोवणं धोक्याचं आहे. महापालिकेची परवानगी आणि सोसायटीची लेखी ना-हरकत नसेल तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना, कायद्याखाली नोटीस येऊ शकते. नोटीस आलेला फ्लॅट मंदीत कोणी घेत नाही. कपड्यांच्या बॅगा आणि गणपतीचं मखर ठेवण्यापुरता हलका, सुटा करता येणारा माळा करा आणि विकताना फर्निचर म्हणून मोजा.

बिल्डरने करून दिलेल्या मधल्या मजल्यात रचनेचा दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत तो विनामूल्य दुरुस्त करून देणं रेराप्रमाणे त्याच्यावर बंधनकारक आहे. दोष दिसताच लेखी कळवा, तोंडी नको.

इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तर माळ्याचे फूट मिळतात का?

सर्वसाधारणपणे नाही. नवीन जागा ठरते ती जुन्या मंजूर नकाशातल्या कार्पेटवर. नौपाड्यातला पोटमाळ्याचा फ्लॅट ‘रिडेव्हलपमेंटमध्ये मोठा होईल’ म्हणून विकला जात असेल तर सोसायटीकडे सदस्यनिहाय क्षेत्रफळाची यादी असते, ती बघा.

विकल्यावर कर किती?

२४ महिन्यांहून जास्त काळ ठेवला असेल तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, महागाईची वजावट न घेता. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तींना महागाईची वजावट घेऊन २० टक्के भरायचाही पर्याय आहे. मंदीत विकताना तो दुसरा पर्याय नक्की मांडून बघा. भाव फारसा वाढलेला नसेल तर तो पुष्कळदा स्वस्त पडतो. व्यवहार ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा आहे. विकणारा अनिवासी असेल तर नियम वेगळे आहेत, तिथे आधी सीए गाठा.

आता घ्यावा की अजून थांबावं?

राहायला हवा असेल आणि वर काढलेल्या भावात मिळत असेल तर थांबू नका. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आणला, त्यामुळे हप्ता हलका झाला आहे. मात्र दोन-तीन वर्षांत विकून नफा काढायचा म्हणून लॉफ्टचा फ्लॅट मी कोणालाच सुचवत नाही. सात टक्के ड्युटी, एक-दोन टक्के दलाली आणि आतलं काम यांतच नफा जातो आणि विकायला निघाल्यावर वेळ लागतो तो वेगळाच. घोडबंदरचा मेट्रोचा मार्ग पूर्ण सुरू झाला की भाव वाढेल हे बरोबर असेल, पण तो साध्या फ्लॅटचाही वाढेल.

टोकन देताना काय लिहून घ्यावं?

टोकन छोटंच द्या, चेकने किंवा ऑनलाइन. पावतीवर मंजूर कार्पेटचा आकडा चौरस मीटरमध्ये लिहून घ्या. वरचा माळा मंजूर आहे की नाही, हे एका वाक्यात लिहून घ्या. आणि हे कलम अवश्य घाला: बँकेच्या मूल्यांकनात क्षेत्रफळ किंवा किंमत ठरलेल्यापेक्षा कमी आल्यास घेणाऱ्याला व्यवहार सोडता येईल आणि टोकन पंधरा दिवसांत पूर्ण परत मिळेल. विकणारा यावर सही करायला तयार नसेल तर मंजूर नकाशाची प्रत हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. नकाशा तो देत नसला तर सोसायटीकडे मागा, तिथे नसेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर बघा, आणि जुन्या इमारतीसाठी महापालिकेच्या शहर विकास विभागात माहिती अधिकाराचा अर्ज करा.